फिरता कारागीर आणि त्याचे परवाने
(नभोवाणीवरील भाषण)

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडील टोकाला, मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सालेकसा नांवाचें तालुक्याचें गांव आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या गुहांकडे जाणाऱ्या गोंड भाविकांना आणि पावसाळ्यांत हाजरा धबधबा पाहावयास जाणाऱ्या प्रवाशांना तें ठाऊक आहे. छत्तीसगड आणि मध्यप्रदेश हीं दोन्ही राज्यें येथून हाकेच्या अंतरावर म्हणावीं इतकीं जवळ. अशा गांवीं राहणारा एखादा होतकरू तरुण आपण डोळ्यांसमोर आणूं या. त्याच्यापाशीं एक मोटारसायकल आहे, हत्यारांची एक पिशवी आहे, आणि मोटारीच्या समोरच्या कांचेला पडलेला टवका बुजविण्याची कला त्यानें हस्तगत केली आहे. गांवोगांव फिरून हा धंदा करावा असें त्याच्या मनांत आहे. परंतु भेटेल तो त्याला एकच प्रश्न विचारतो : “अरे, पण परवाना कोठें आहे?” या एका प्रश्नापायीं कित्येक धंदे जन्मास येण्यापूर्वींच मरतात. म्हणून आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम त्याची कला काय आहे तें पाहूं. एडुआर्द बेनेदिक्तुस या फ्रेंच गृहस्थाच्या प्रयोगशाळेंत १९०३ सालीं कांचेची एक कुपी खालीं पडली; तिला तडे गेले, पण तिचे तुकडे विखुरले नाहींत, कारण आंतल्या बाजूस एका द्रव्याचा पापुद्रा वाळून बसला होता. त्यांतूनच पुढें दोन कांचांमध्यें चिवट पडदा घालून केलेली सुरक्षित कांच निर्माण झाली. आजच्या मोटारीची समोरची कांच याच जातीची असते. गिट्टीचा खडा उडून लागला तर बहुधा बाहेरच्या थरालाच टवका पडतो. त्यांतील हवा ओढून घ्यावयाची, पातळ राळ भरावयाची आणि अतिनील किरणांच्या दिव्यानें ती घट्ट करावयाची, हें या कारागिराचें काम. वेळेवर केलें तर सबंध कांच बदलण्याचा खर्च वांचतो.

आतां परवान्याकडे वळूं. आपल्या बोलण्यांत परवाना, नोंदणी, सूचना आणि कर या चार गोष्टींची सरमिसळ होते. परवाना म्हणजे आधीं अनुज्ञा, मग काम. नोंदणी म्हणजे सरकारच्या वहींत नांव लागणें. सूचना म्हणजे काम सुरू केल्याचें नुसतें कळविणें. आणि कर म्हणजे केवळ देणें. आमच्या तरुणाच्या वाट्याला यांपैकीं बहुतेक सूचना आणि नोंदणी येते. खरा परवाना फार थोड्या ठिकाणीं लागतो.

दुकानें व आस्थापना यांविषयींचा मुंबई इलाख्याचा कायदा १९४८ चा. त्याची जागा महाराष्ट्रांत २०१७ च्या नव्या कायद्यानें घेतली. एकट्यानें अथवा एकदोन मदतनीस घेऊन काम करणाऱ्याला या नव्या कायद्याखालीं नोंदणी करावी लागत नाहीं. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आंत ऑनलाईन सूचना दिली म्हणजे झालें. दुसरी गोष्ट ‘उद्यम’ नोंदणीची. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून आधार क्रमांकावर होते आणि तिला एक पैहि पडत नाहीं. ती सक्तीची नाहीं. परंतु बँकेंत धंद्याच्या नांवानें खातें उघडतांना सूचनेची पावती आणि उद्यमचा दाखला हे दोन कागद फार उपयोगीं पडतात.

कराचें म्हणाल तर केवळ सेवा पुरविणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या वर जाईपर्यंत वस्तु व सेवा कराची नोंदणी लागत नाहीं. सीमेपलीकडे जाऊन टवका बुजविला तरीहि सेवेच्या बाबतींत ही सवलत टिकते; माल विकणाऱ्याला मात्र परराज्यांतील विक्रीसाठीं ती सहसा मिळत नाहीं. हा भेद सालेकशासारख्या सीमेवरील गांवीं विशेष ध्यानांत ठेवावा. आणि नोंदणी नसतां गिऱ्हाइकाकडून या कराच्या नांवानें पैसे घेणें हा गुन्हा आहे, हेंहि विसरूं नये. व्यवसायकराची गोष्ट निराळी. तो १९७५ च्या राज्य कायद्याखालीं आकारला जातो, आणि कोणाहि एका इसमाकडून वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक घेतां येणार नाहीं अशी मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानेंच घातली आहे.

वाहनाविषयीं थोडें. स्वतःची हत्यारें नेणारी मोटारसायकल भाड्यानें माल वाहत नाहीं. तिला चालकाचें लायसन, गाडीची नोंदणी, विमा आणि धुराचा दाखला एवढें पुरे. पुढें धंदा वाढून लहान मालगाडी घेतली, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमाप्रमाणें ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहनास परमिट लागत नाहीं; योग्यतेचा दाखला मात्र लागतो. गाडींत फेरफार करून तिचें फिरतें दुकान बनवावयाचें असेल, तर परिवहन कार्यालयाची संमति आधींच घ्यावी.

खरा परवाना लागतो तो जागेला. गिऱ्हाइकाच्या अंगणांत काम केलें तर त्याची संमति पुरे. रस्त्याच्या कडेस बसावयाचें असेल, तर २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा पाहावा. त्यांत वस्तु विकणाऱ्यांबरोबर सेवा देणारेहि येतात, आणि प्रमाणपत्रासाठीं नगरपंचायतीकडे जावें लागतें. देवरीवरून जाणारा नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्ग मोह पाडणारा आहे खरा. पण महामार्गाच्या जमिनीवर परवानगीवांचून ठाण मांडण्यास २००२ च्या कायद्यानें मनाई आहे. ढाब्याच्या मालकाशीं बोलून त्याच्या आवारांत काम करणें हें अधिक शहाणपणाचें.

श्रोतेहो, एवढें सगळें पाहिल्यावर एक गोष्ट लक्षांत येते. जागा, वाहन, कर या सर्वांविषयीं कायदा विचारपूस करतो. परंतु या माणसाला टवका बुजवितां येतो कीं नाहीं, हें विचारणारा परवाना नाहीं. आणि संकट तर तेथेंच आहे! समोरची कांच सुरक्षित जातीची असावी आणि तिच्यांतून निदान ७० टक्के प्रकाश आरपार जावा, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० वा नियम आहे. ब्रिटनमध्यें वाहनाच्या वार्षिक तपासणींत चालकाच्या नजरेसमोरच्या पट्ट्यांत १० मिलिमीटरहून मोठी इजा आढळली तर गाडी नापास होते. म्हणून चालकाच्या अगदीं डोळ्यांसमोर असलेला मोठा टवका, कडेपर्यंत गेलेला तडा, किंवा दोन्ही थर फुटलेली कांच हातीं घेऊं नये. “ही कांच बदला, माझ्यानें होणार नाहीं,” असें सांगून हातची मजुरी सोडणें, हाच या धंद्याचा खरा परवाना होय. आणि तो देणारें कार्यालय ज्याच्या त्याच्या मनांत असतें.

शेवटीं दलालांविषयीं दोन शब्द. जें काम फुकट होतें त्यासाठीं शेंकडों रुपये घेणारे लोक प्रत्येक तालुक्याला असतात. भीति हेंच त्यांचें भांडवल. कोणता कागद लागतो, कोणता लागत नाहीं, हें ठाऊक असलेल्या माणसापुढें तें चालत नाहीं. शिवाय महाराष्ट्रांत २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतींत मिळाली नाहीं, तर नागरिकाला अपील करतां येतें.

आणि शहरांत सुखानें राहणाऱ्या श्रोत्यांना एक विनंति. प्रवासांत आपल्या गाडीच्या कांचेवर खडा उडाला, आणि असा एखादा तरुण पिशवी घेऊन पुढें आला, तर “परवाना दाखव” असें दरडावूं नका. आधीं त्याचें काम पाहा, पावती मागा, आणि तो “ही कांच माझ्यानें होणार नाहीं” असें म्हणाला, तर त्याचा विशेष आदर करा. आपल्या राज्यघटनेनें कोणताहि व्यवसाय करण्याचें स्वातंत्र्य नागरिकाला दिलें आहे. तें कागदावरून रस्त्यावर उतरतें, तें अशाच लहान माणसांच्या पावलांनीं.