सल्ला नको, ऐकणारं माणूस हवं

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत फार थोड्या येतात. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, डोकं जड असतं, हातापायांत त्राण नाही, अशा तक्रारी असतात. रक्ताची कमतरता किंवा थायरॉइडचा त्रास आहे का, हे आधी तपासायलाच हवं. पण तपासण्या ठीक आल्या की घरचे म्हणतात, “बघ, तुला काही झालेलं नाही. उगाच विचार करत बसतेस.” त्यानंतर ती बोलायचंच सोडून देते.

तिच्याबरोबर बहुधा नवरा किंवा सासूबाई येतात आणि तिच्याविषयी तेच सांगू लागतात. त्यांचं ऐकून घेऊन मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगते. दार लोटलं की बऱ्याचदा आधी रडू येतं, मग शब्द.

समुपदेशन म्हणजे उपदेश, असा अनेकांचा समज आहे. ‘मन रमव, देवाचं नाव घे’ हे तिला सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. आम्ही विचारतो, दिवस कसा जातो? नैराश्यात बाई एकेक गोष्ट सोडत जाते. शेजारणीकडे जाणं, शिवणकाम, भिशी. गोष्टी सुटल्या की मन खचतं आणि मन खचलं की आणखी गोष्टी सुटतात. हे चक्र छोट्याशा जागी मोडायचं असतं. या आठवड्यात दोनदा, पंधरा मिनिटं शेजारणीबरोबर चालून यायचं, एवढंच ठरवायचं आणि पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं.

इतक्या साध्या गोष्टीनं काय होणार? गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच पद्धतीचा अभ्यास केला. तीव्र नैराश्याचे सुमारे ५०० रुग्ण होते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी झाल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के जण नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष २०१७ साली छापले.

अर्थात, समुपदेशन म्हणजे सगळ्यावरचा इलाज नव्हे. आजार बळावला असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची औषधं लागतात. आणि घरात मारहाण होत असेल, तर दोष तिच्या मनाचा नसतोच. तिथे २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्यांची मदत घ्यावी लागते.

एक प्रश्न मी सरळ विचारते: “जीव नकोसा वाटतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कितीतरी दिवस एकटीनं वाहिलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. उत्तर ‘हो’ असेल, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. डायरीत लिहून ठेवा.

घरातली एखादी बाई अलीकडे गप्प झाली असेल, तर आज तिच्याजवळ बसा. “काय होतंय?” एवढंच विचारा आणि तिचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका.