वादळापूर्वीची मदत



कोठे वादळ झाले की वर्गणी गोळा करावी, कपड्यांची गाठोडी बांधावी, धान्याची पोती पाठवावी, ही आपल्या समाजाची चांगली रीत आहे. तिला उणे लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ही मदत ज्यांच्या हाती पडते ते वाचलेले असतात. जे वाचले नाहीत, त्यांना ती कोठून पोचणार? तेव्हा मदतीची खरी वेळ वादळानंतरची की वादळापूर्वीची, हा प्रश्न आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचा आहे. आणि त्यासाठी आम्ही बांगलादेशाचे उदाहरण घेणार आहोत.

हा प्रदेश पूर्व पाकिस्तान म्हणून ओळखला जात होता तेव्हाची गोष्ट. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला बेट आणि आसपासच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले आणि निदान ३ लाख माणसे मेली. वादळाची वार्ता कोणालाच नव्हती असे नाही. ती झोपडीपर्यंत नीट पोचली नाही, आणि जेथे पोचली तेथे जीव घेऊन जाण्यास उंच जागा नव्हती.

पुढे रेडक्रॉस आणि तेथील सरकार यांनी मिळून गावोगावी स्वयंसेवक तयार केले. हाती निशाण आणि कर्णा घेऊन, पायी वा सायकलवर दारोदार फिरणारी ही माणसे त्याच गावची होती. आज त्यांची संख्या ७० हजारांच्या वर असून त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत.

तरीही २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे दगावली. सूचना मिळाली असूनही माणसे घर का सोडीत नाहीत? याचे उत्तर अडाणीपणा असे देणे सोपे आहे. ते खरे नाही. ज्याची सारी मिळकत म्हणजे एक गाय आणि चार पत्रे, त्याला ती सोडून जा म्हणणे म्हणजे उद्याची उपासमार पत्कर म्हणणे होय. त्यातून निवारे थोडे आणि दूर. आत परक्या पुरुषांची गर्दी. घरची बाई मुलांना घेऊन मागे राहिली. त्या वादळात वीस ते चव्वेचाळीस वयाच्या स्त्रियांपैकी हजारी ७१ मेल्या, त्याच वयाचे पुरुष हजारी १५. ही तफावत वाऱ्याने केली नाही.

यातून तो देश शिकला. एरवी शाळा म्हणून वापरता येतील असे निवारे हजारोंनी उभे राहिले. पुष्कळ ठिकाणी स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या झाल्या, गुरांसाठी मातीचे उंचवटे झाले. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘सिद्र’ वादळ आले. वाऱ्याच्या जोरात ते १९९१ च्या तोडीचे होते; मृत्यू सुमारे ३,४०० झाले. ओहोटीची वेळ आणि सुंदरबनाचा आडोसा यांचे श्रेय मान्य करूनही मोठा वाटा माणसांच्या तयारीचाच म्हणावा लागेल.

परंतु जीव वाचला म्हणजे काम संपले काय? मे २००९ मध्ये ‘आयला’ वादळाने खुलना आणि सातखीरा भागांतील बांध फोडले. खारे पाणी शेतांत आणि तळ्यांत शिरले आणि कित्येक कुटुंबे दीर्घकाळ बांधावरच राहिली. तापमानवाढीने समुद्राची पातळी चढत आहे. त्यामुळे तेवढ्याच वाऱ्याची लाट आता अधिक आत येते. म्हणून खारपड सोसणारे भात, पावसाचे पाणी साठविण्याच्या टाक्या आणि पक्के बांध हीही वादळापूर्वीचीच मदत आहे.

आणखी एक प्रयोग सांगतो. जुलै २०२० मध्ये यमुनेला पूर येणार असा अंदाज येताच, पुराचा कळस होण्यापूर्वीच तेथील २३ हजारांहून अधिक गरीब कुटुंबांना प्रत्येकी साडेचार हजार टके देण्यात आले. पुढे पाहणी झाली तेव्हा, पैसे न मिळालेल्यांच्या मानाने या कुटुंबांवर दिवसभर उपाशी राहण्याची पाळी कमी आली असे आढळले. वेळेवर हाती आलेल्या पैशाने धान्य घेता येते, गुरे हलविता येतात. सावकाराची पायरी चढावी लागत नाही.

हे सारे परमुलखातले, असे आपण म्हणाल. पण ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा हजारो लोकांना आधीच हलविल्यामुळे मनुष्यहानी थोडी झाली. नारळी-पोफळीच्या बागा मात्र आडव्या झाल्या. नारळाचे रोप फळायला वर्षे लागतात. तोवर वाडीवाल्याने आणि त्याच्या वाडीत राबणाऱ्या मजुराने काय खावे? आणि खारबंदिस्ती फुटली म्हणजे शेताचे काय होते, हे कोकणच्या शेतकऱ्याला बंगाल्याकडून शिकावे लागत नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच आहे. वादळानंतर वर्गणी जरूर द्या. पण त्यापूर्वी आपल्या गावात चौकशी करा: सखल वस्तीत कोण राहते, निवारा किती लांब आहे, तेथे बाईमाणसाला आणि गुराला जागा आहे काय, रात्री दार ठोठावणारा माणूस ठरला आहे काय. ही चौकशी पावसाळ्यापूर्वीच व्हावयास हवी, आणि पावसाळा आता दूर नाही.