घरातील वीज आणि माणसाचा जीव

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या कोकणातील कित्येक घरे आखाती देशांतल्या कमाईवर उभी राहिली. फरशी, कमानी, रंगरंगोटी यांवर आपण हौसेने खर्च केला. पण घरी गेल्यावर मीटरजवळचा बोर्ड पाहा. तेथे आरसीसीबी आहे काय?

पुष्कळांचे म्हणणे असते, “आमच्याकडे फ्यूज आहे, एमसीबी आहे, मग भीती कसली?” हा गैरसमज घातक आहे. फ्यूज आणि एमसीबी वायरिंगचे रक्षण करतात, माणसाचे नव्हे. ६ अँपिअरचा एमसीबी ६,००० मिलिअँपिअर प्रवाह खुशाल वाहू देतो. माणसाच्या छातीतून मात्र १०० मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण गेला तरी हृदय बंद पडू शकते.

आरसीसीबीचे काम जमाखर्चासारखे आहे. फेजमधून गेला तेवढाच प्रवाह न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. बिघडलेल्या गिझरला ओला हात लागला, की थोडा प्रवाह शरीरावाटे जमिनीत उतरतो आणि हिशेबात तूट येते. ही तूट ३० मिलिअँपिअर होताच उपकरण ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडते. अमेरिकेत प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी विजेच्या धक्क्याचा शरीरावरील परिणाम अभ्यासला व १९६०च्या दशकात सुमारे ५ मिलिअँपिअरला तुटणारे उपकरण तयार केले. १९७५च्या तेथील विद्युत संहितेने घरांच्या स्नानगृहांतील सॉकेटांना असे संरक्षण आवश्यक ठरविले.

खरेदी करताना ३० मिलिअँपिअर हा आकडा व आयएसआय चिन्ह पाहून घ्या. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे उपकरण आगीपासून बचावासाठी असते. माणसासाठी ते पुरेसे नाही. आरसीसीबी जादा भार रोखत नाही, म्हणून सोबत एमसीबी हवाच. अर्थिंगही हवे. तीन पिनांच्या प्लगची मोठी पीन तोडून तो दोन भोकांच्या सॉकेटात बसविणे म्हणजे जिवाशी खेळ.

दर महिन्याला ‘टी’ अक्षराचे बटण दाबा. खटका पडला नाही, तर उपकरण बदला. वारंवार पडत असेल, तर ते काढून थेट जोडणी करू नका. दोष शोधण्यासाठी परवानाधारक वायरमनला बोलवा.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरला आणि प्रवाह जमिनीत गेलाच नाही, तर हिशेब जुळतो आणि खटका पडत नाही. म्हणून आरसीसीबी आहे या भरवशावर उघड्या तारेला कोणी हात लावू नये.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरचा बोर्ड पाहून वडिलांना सांगा. मशिदीच्या वजूखान्याजवळ पंप असेल, तर तेथेही विश्वस्तांना विचारा. ओल्या हातांची, अनवाणी माणसे तेथे दिवसातून पाच वेळा येतात. हे उपकरण दिवाणखान्यातल्या एका झुंबराहून महाग नाही.