व्हिडिओ अडखळतोय? लॅपटॉपचा भार हलका करा
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेली मांडणी)



आपल्या सीआरपी ताई आणि लेखापाल ताई आता ऑनलाइन हिशोब कसा भरायचा याचे व्हिडिओ स्वतः बनवतात, ही मोठी गोष्ट आहे. पण व्हिडिओ मध्येच अडखळला, कुठलं बटण दाबलं तेच दिसलं नाही, तर गावातली ताई पुन्हा पैसे मोजून दुसऱ्याकडून काम करून घेते. म्हणून आज एवढ्याच अडचणीवर बोलूया.

ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. रेकॉर्डिंग चालू असताना त्यात खाली ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’ असं आलं, तर घाबरू नका. बहुतेक वेळा लॅपटॉप बिघडलेला नसतो. लाटणारीचा हात भरभर चालला की भाजणारीची तारांबळ उडते ना, तसंच हे. स्क्रीनवरची चित्रं भराभर येतात, ती फाइलमध्ये बसवणं लॅपटॉपला झेपत नाही. मग काही चित्रं तो सोडून देतो. आवाज नीट येतो, चित्र मात्र उड्या मारतं.

आधी रेकॉर्डिंग थांबवा. मग क्रमाने हे करा:

१. चार्जर लावा. नको असलेले प्रोग्रॅम आणि ब्राउझरचे जादा टॅब बंद करा.

२. सेटिंग्जमध्ये ‘व्हिडिओ’ उघडा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ६० असेल तर ३० करा. काम निम्मं झालं. फॉर्म दाखवायला ३० पुष्कळ होतात.

३. तिथेच आउटपुट रेझोल्यूशन १९२० × १०८० असेल तर १२८० × ७२० करा. एका चित्रातले ठिपके वीस लाखांवरून सव्वानऊ लाखांच्या आत येतात. अक्षरं बारीक वाटली तर ब्राउझरमध्ये पान मोठं करून घ्या.

४. तरी संदेश आला, तर ‘आउटपुट’मध्ये एन्कोडर बघा. ‘हार्डवेअर’चा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर ‘लो सीपीयू युसेज’वाला घ्या. त्याने फाइल मोठी होते, पण लॅपटॉपला दम मिळतो.

आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवा. लॅपटॉप अचानक बंद पडला तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं. नंतर फाइल मेनूतल्या ‘रीमक्स’ने एमपी४ करून ग्रुपवर पाठवा.

आणि एक अगदी महत्त्वाचं. स्क्रीनवर जे दिसतं ते सगळं रेकॉर्ड होतं. सदस्यांचे आधार नंबर, खाते नंबर, ओटीपी व्हिडिओत येता कामा नयेत. दाखवायला खोटी नावं आणि आकडे भरा, आणि ते सबमिट करू नका.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येक ग्रामसंघाने एक मिनिटाचा व्हिडिओ करून बघा. अडलं तर मला फोन करा, आपण मिळून सोडवू.