प्रौढांना काम शिकविताना



बँकांत कोअर बँकिंग आले, तेव्हा पंचवीस वर्षे लेजर लिहिलेली माणसे प्रशिक्षणाला बसलेली आम्ही पाहिली. शिकविणारा भराभर पुढे जाई, ज्येष्ठ गप्प. विचारले तर अडाणी ठरू, ही भीती! एकाने मात्र सांगितले, व्हाउचर लिहिणारा एक आणि तपासून सही करणारा दुसरा, ही तुमचीच रीत संगणकात आहे. चेहरे खुलले. १९४० ते १९४५ या काळात अमेरिकेतील युद्धसाहित्याच्या कारखान्यांत असेच शिकवीत: आधी काय येते ते विचारा, दाखवा, करवून घ्या, मागाहून कामावर जाऊन पाहा. आमच्याकडे ही शेवटची पायरीच गळते. प्रमाणपत्र दिले की संपले. तुमच्यापैकी कोणी शिकवायला गेलात, तर महिन्याभराने त्या काउंटरवर अवश्य जाऊन यावे.