एका हिवाळ्याचें गाणें

ध्वनिमुद्रण म्हटलें कीं कांचेपलीकडे बसलेला निर्माता आणि समोर सज्ज वाद्यवृंद आपल्या डोळ्यांपुढें येतो. जस्टिन व्हर्नन या अमेरिकन गायकाजवळ २००६ सालच्या अखेरीस यांतलें कांहींच उरलें नव्हतें. साथीदार दुरावले, प्रेमसंबंध तुटला, वर दुखणें. तो विस्कॉन्सिनमधील वडिलांच्या शिकारीच्या झोपडींत जाऊन राहिला. बाहेर बर्फ, आंत गिटार, साधासा मायक्रोफोन आणि संगणक.

साथीला कोणी नाहीं, म्हणून स्वतःच्याच आवाजावर तो आवाज चढवीत गेला; तोही बारीक, वरच्या पट्टींतला. एकट्या माणसाचा वृंद! आधीं तो निरर्थक अक्षरांवर चाल गाई आणि मागाहून त्या उच्चारांतून शब्द शोधी. आपल्या तराण्याची येथें आठवण होते. त्याचे शब्द पुष्कळदां नीट उमगत नाहींत, पण दुःख नेमकें पोंचतें.

हीं नऊ गीतें त्याला कच्चीं वाटत. तीं पुन्हां नीट मुद्रित करावीं असा त्याचा विचार होता. मित्रांनीं तो मोडून काढला, हें फार बरें झालें. २००७ सालीं ‘बॉन इव्हेर’ या नांवानें त्यानें थोड्याच प्रती स्वतः काढल्या. २००८ सालीं एका कंपनीनें तोच संग्रह जगापुढें आणला. ‘फॉर एम्मा, फॉरएव्हर अगो’ हें त्याचें नांव.