गोचिडीमुळे लहान मुलाला येणारा ताप



मी शेतीखात्याचा माणूस. गोचिडीवर बोलायचं तर जनावरापासून सुरुवात करायची, अशी आमची रीत. आज मात्र आधी मुलाचं बोलतो, गोठ्याचं नंतर.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस भिवंडीत निजामपुऱ्यात एका तबेल्यावर गेलो होतो. काम होतं वैरणीचं. आत खाटेवर मालकांचा चार वर्षांचा नातू निपचित पडलेला. चार दिवस अंगात ताप. आजी म्हणाल्या, "रक्त तपासलं साहेब. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. काही निघालं नाही, उतरेल आता." पोराच्या मनगटांवर आणि तळहातांवर बारीक तांबडे ठिपके होते. दारातला कुत्रा सारखा कान खाजवीत होता. कान उलटून पाहिला तर गोचिडींनी भरलेला. मी म्हटलं, "आजी, याला आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्या आणि घरात गोचिडी आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगा." त्यांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं आणि दोन दिवसांत ताप उतरला. मी काही वैद्यकी केली नाही. डॉक्टरांना जी गोष्ट कोणी सांगितली नव्हती, ती सांगायला लावली एवढंच.

या आजाराला गोचीड-टायफस म्हणतात. नावात टायफस असलं तरी हा विषमज्वर नव्हे. रिकेट्सिया नावाचा अतिसूक्ष्म जंतू गोचिडीच्या चाव्यातून अंगात शिरतो. चाव्यानंतर साधारण आठवड्याभरात, कधी दोन आठवड्यांपर्यंत, जोराचा ताप येतो, डोकं दुखतं, अंग मोडून येतं. ठिपके बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उठतात आणि तळहात-तळपायांवरही दिसतात. पण ठिपक्यांची वाट पाहत बसू नका, कधी ते उशिरा येतात, सावळ्या अंगावर चटकन दिसतही नाहीत. चावा तर पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. आपल्या राज्यात हा आजार नवा नाही. अकोल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांमधल्या या तापावर बरंच काम केलेलं आहे.

यावरचं औषध आहे डॉक्सीसायक्लिन. जुनं, स्वस्त आणि गुणकारी. पेनिसिलीनच्या जातीची नेहमीची औषधं इथे लागू पडत नाहीत, म्हणून दोन बाटल्या संपल्या तरी ताप हटत नाही. खास तपासणी सुरुवातीच्या दिवसांत पुष्कळदा कोरी येते. तेव्हा संशय बळकट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात. पहिल्या पाच दिवसांत सुरू झालं तर फार फरक पडतो. उशीर झाला की मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसं धोक्यात येतात, बोटांची टोकं काळी पडतात, मूल दगावूही शकतं.

तुम्ही म्हणाल, या औषधानं लहान मुलांचे दात पिवळे पडतात ना? ही भीती टेट्रासायक्लिन या जुन्या औषधामुळे पडली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, लहानपणी डॉक्सीसायक्लिनचे थोड्या दिवसांचे डोस घेतलेल्या मुलांच्या दातांवर डाग आढळले नाहीत. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची शिफारसही आठ वर्षांखालच्या मुलांना या आजारात हेच औषध देण्याची आहे. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं तर दातांच्या काळजीनं थांबू नका. मात्र दुकानातून आपल्या मनानं आणू नका. डोस वजनावर ठरतो. ताप उतरला म्हणून मध्येच बंदही करू नका. अ‍ॅस्पिरिन मुलाला देऊ नये.

मूल झोपाळू झालं, झटका आला, लघवी कमी झाली, हातपाय सुजले किंवा श्वास लागला, तर रात्र काढू नका. १०८ ला फोन करा.

अंगावर गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरा आणि सावकाश सरळ वर ओढा. रॉकेल, चुना-तंबाखू, पेटती विडी यांतलं काही लावू नका. जागा साबणानं धुवा आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर ती तारीख डॉक्टरांना उपयोगी पडते. नखावर गोचीड चिरडायची आपली जुनी खोड आहे, ती सोडा. गोचिडीतूनच पसरणाऱ्या काँगो तापाचे रोगी २०११ साली गुजरातेत साणंदजवळ सापडले होते, आणि २०२० साली आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात पशुपालकांना सावध करण्यात आलं होतं.

निजामपुऱ्यातली काही मंडळी सुट्टीत तळकोकणात गावी जातात, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाची साथ आली होती. तोही गोचिडीपासूनच, पण विषाणूचा. त्याला डॉक्सीसायक्लिन चालत नाही, दवाखान्यात ठेवून शुश्रूषाच करावी लागते. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

आता गोठा. म्हशीवर गोचिडी गाईच्या मानानं कमी असतात, म्हणून तबेलेवाले निर्धास्त राहतात. पण मुलाच्या दृष्टीनं खरी भानगड कुत्र्याची आहे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरातच संसार थाटते: भिंतीच्या भेगा, खाटेचे सांधे, गोणपाटाची थप्पी. एक मादी हजारोंनी अंडी घालते. नुसतं जनावर फवारून काय होणार? भेगा बुजवा, चुना मारा, जुनी गोणपाटं काढून टाका. कुत्र्याचं आणि गुरांचं औषध पशुवैद्यकांना विचारून त्याच आठवड्यात करा, आणि नवी पिल्लं फुटतात म्हणून ते सांगतील तेव्हा पुन्हा करा. फवारणीच्या वेळी मुलांना दूर ठेवा. ते विष आहे. घरातलं भांडं त्यासाठी वापरू नका, मुलाच्या अंगाला किंवा केसांना तर कधीच लावू नका.

कुत्र्याला दवाखान्यात नेणारच आहात, तर रेबीजची लसही त्याच खेपेत टोचून घ्या.